अकराव्या शतकातल्या राजांवर लिहिताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठा घोळ होतो तो बिरुदालाच राज्य समजल्यामुळे. कोल्हापूरचे शिलाहार स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर', म्हणजे तगर या श्रेष्ठ नगराचे स्वामी, म्हणवतात. तगर म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातले तेर. हे बिरुद घराण्याच्या मूळ गावाचा अभिमान सांगते, सत्तेची हद्द नाही. यादव 'द्वारावतीपुरवराधीश्वर' होते म्हणून त्यांचे राज्य द्वारकेवर होते, असे कुणी मानत नाही. मग तेरच्या बाबतीत डोळे का मिटायचे?

एका मंदिराच्या जीर्णोद्धार स्मरणिकेत शिलाहारांचा नकाशा छापला होता. पन्हाळ्यापासून थेट तेरपर्यंत एकच रंग! लिहिणारा मुलगा हुशार, पण घाईचा. मारसिंहाच्या शके ९८० च्या मिरज ताम्रपटातली वंशावळ आणि स्तुती त्याने वाचली. दानाचा मजकूर रुक्ष वाटला म्हणून सोडून दिला. खरा भूगोल तिथेच असतो: गाव कोणते, ते कोणत्या देशात म्हणजे प्रांतात, सीमा कुठल्या. मी विचारेपर्यंत प्रती घरोघर गेल्या होत्या, आणि छापलेला नकाशा लोकांच्या डोक्यातून काढणे फार अवघड. म्हणून मी कुठलाही ताम्रपट दानभागापासून वाचायला घेतो, स्तुती सगळ्यात शेवटी. 'महामंडलेश्वर' दिसले की आधी वरचा सम्राट कोण ते शोधा. हा माणूस मांडलिक आहे.

दुसरे दुखणे कालगणनेचे. कल्याणीचा चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य याने १०७६ मध्ये स्वतःचा शक सुरू केला. त्याच्या लेखात 'विक्रम वर्ष २०' दिसले की नवखे विक्रम संवत समजून ५७ वजा करतात. उत्तर इसवी सनापूर्वीचे येते, तरीही थांबत नाहीत. शतकाचे आकडे गळले असतील म्हणून मनानेच भर घालतात. इथे १०७५ मिळवायचे, म्हणजे १०९५-९६. शालिवाहन शकात ७८ मिळवतात, पण १ जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथींना ७९. मोबाइलवरचे आयते रूपांतर मी वापरत नाही; महिना आणि तिथी न पाहता दिलेल्या सनावर माझा विश्वास नाही. आकडाही मूळ ठशावर, म्हणजे लेखावर कागद दाबून घेतलेल्या प्रतीवर, पाहावा. अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या लेखाचा शक आधी ७८२ वाचला गेला होता. तो ९८२, म्हणजे इ.स. १०६०, उत्तर कोकणचा शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळातला.

धारचा परमार भोज आणि पन्हाळ्याचा शिलाहार दुसरा भोज वेगळे. दोघांत दीड शतकाचे अंतर आहे.

चालुक्य राजा दुसरा जयसिंह याची बहीण अक्कादेवी हिला नुसती 'राजाची बहीण' म्हणून गुंडाळू नका. ती प्रांताचा कारभार पाहत होती आणि गोकाकच्या किल्ल्याला वेढा घालत होती.

कवी बिल्हण सहाव्या विक्रमादित्याच्या पदरी होता. विक्रमादित्याने थोरल्या भावाला, दुसऱ्या सोमेश्वराला, गादीवरून काढले ते शंकराच्या आज्ञेने, असे तो लिहितो. ते वाक्य जसेच्या तसे इतिहास म्हणून उतरवायचे नाही. सोमेश्वराच्या स्वतःच्या कारकिर्दीतले, १०६८ ते १०७६ मधले, शिलालेख शेजारी ठेवूनच बिल्हण वाचायचा.