डोळ्यात स्टेरॉईडचं इंजेक्शन सांगितलंय? आधी काय विचारायचं, नंतर काय सांभाळायचं

आईच्या डाव्या डोळ्याच्या पडद्याला शुगरमुळे सूज आली नि डॉक्टरनी ट्रायमसिनोलोन नावाचं स्टेरॉईड द्यायचं ठरवलं तेव्हा घरात सगळे घाबरले, स्टेरॉईड आणि तेपण थेट डोळ्यात. गोव्यात डिचोली ते बांबोळी दवाखान्याच्या फेऱ्या मारताना जे कळलं ते लिहितोय, कुणाच्यातरी कामाला येईल.

औषध आत काय करतं ते आधी बघा. शुगरमध्ये पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या गळतात नि पाणी मधोमध साठतं, स्टेरॉईड पेशींमधले सांधे घट्ट करतं आणि गळती वाढवणारं व्हीईजीएफ नावाचं प्रोटीन कमी करतं म्हणून सूज उतरते. पण माणसाच्या पडद्याच्या पेशी लॅबमध्ये बशीत वाढवून त्यावर हेच औषध जास्त डोसमध्ये घातलं किंवा त्याचे कण थेट पेशींवर बसले तर पेशी मरताना दिसल्यात. डोळ्यात मध्ये जेल असतं त्यामुळे बशीतला रिझल्ट जसाच्या तसा डोळ्याला लावू नका, पण काळजी कुठे घ्यायची ते त्यातून कळतं.

म्हणून इंजेक्शनच्या आधी एक विचाराच, औषध प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं आहे का. गुडघ्यात वगैरे देतात त्या बाटलीत बेन्झाइल अल्कोहोल असतं आणि ते ह्या पेशींना बाधतं, डोळ्यासाठी त्याच्याशिवाय बनवलेलं मिळतं. डोस सहसा ४ मिलिग्रॅम, ०.१ मिलीमध्ये. घरात कुणाला काचबिंदू असेल किंवा पूर्वी स्टेरॉईडने डोळ्याचं प्रेशर वाढलं असेल तर ते न विचारताच सांगा.

घरी आल्यावर पहिले काही तास आडवं न होता बसून राहायला सांगतात, कारण कण खाली बसतात आणि उताणं झोपलं की नेमके पडद्याच्या मधल्या भागावर येतात. आईला आम्ही सोप्यावर उशा लावून बसवलं. डॉक्टर सांगतील तेवढे दिवस डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, डोक्यावरून आंघोळ बंद, विहिरीवरची तर नाहीच. डोळ्यापुढे ठिपके तरंगतात, ते कमी होत जातात. पण दुखणं, लाली वाढली किंवा नजर अंधुक झाली तर सकाळची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा, इन्फेक्शन असू शकतं.

आता डोळ्याचं प्रेशर, जे लोक सगळ्यात जास्त सोडून देतात. नॉर्मल साधारण १० ते २१ (मिमी पारा), स्टेरॉईडने बऱ्याच जणांचं ते वाढतं आणि बहुतेकदा पहिल्या दोनतीन महिन्यांत, आणि दुखत काहीच नाही, डोळ्याची नस मात्र खराब होत राहते. नजर सुधारली म्हणून पेशंट जात नाही. आमचीपण तपासणीची तारीख नेमकी गणेश चवथीत आली, आई म्हणाली बरं दिसतंय, माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची सजावट) बांधायची आहे, नंतर जाऊ, मी ऐकलं नाही. प्रेशर २८ निघालं, ड्रॉप चालू केले, पुढच्या महिन्यात १८ वर आलं. मोतीबिंदूपण ह्या औषधाने लवकर वाढतो, त्यामुळे दर वेळी लेन्सपण बघून घ्या.