पगार विचाराच, पण रोस्टरही बघा

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बी.एस्सी. नर्सिंग संपवून खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मुली बेळगावात पहिली नोकरी शोधायला येतात, तेव्हा मला एकच प्रश्न येतो: आक्का, पगार किती देतात? विचारायलाच हवा. सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून केंद्रानं नेमलेल्या समितीनं 2016 मध्ये खासगी नर्सच्या पगाराची शिफारस केली. दोनशेहून जास्त खाटांच्या हॉस्पिटलात सरकारी नर्सइतका पगार, आणि पन्नासपेक्षा कमी खाटा असल्या तरी किमान 20,000. शिफारसच ती, त्यामुळे हातात पडतो तो आकडा वेगळा असतो. तरी बोलणी करताना माहीत असलेली बरी.

पण मुली नोकरी सोडतात त्या बहुतेक वेळा ड्युटीवरून, हे मी डोळ्यांनी बघितलंय. एका खासगी हॉस्पिटलात आमच्या वॉर्डाचं रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, पेन्सिलनं लिहिलेलं असायचं. सोमवारी बघितलेली मॉर्निंग बुधवारपर्यंत नाइट झालेली असायची. गणपतीत सुट्टी कुणाला, हे इन्चार्ज सिस्टरशी कुणाचं जमतं त्यावर. लग्न न झालेल्या मुलींना सलग नाइट, वर ‘तुला कुठं घरी पोरं सांभाळायचीत?’ हे ऐकायचं. शेजारच्या वॉर्डात एक वही होती. गेल्या दिवाळीला, गेल्या गणपतीत ड्युटी कुणी केली ते तिच्यात लिहिलेलं. अदलाबदल केली तर दोघींच्या सह्या. पगार दोन्हीकडे तेवढाच. आमच्याकडून पोरी जात राहिल्या, त्या वॉर्डातून बदली कुणीच मागितली नाही. नाइट त्यांनाही लागायच्याच, पण का लागल्या ते वहीत दिसायचं.

म्हणून इंटरव्ह्यूला गेलात की वॉर्डात चक्कर मारू द्या म्हणा आणि भिंतीवरचं रोस्टर वाचा. नाइटला किती सिस्टर असतात तेही विचारा. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषानुसार जनरल वॉर्डात टीचिंग हॉस्पिटलला तीन पेशंटमागे एक नर्स, इतर ठिकाणी पाचामागे एक. इतकं कुठं पाळलेलं मला दिसलं नाही, पण उत्तर द्यायला कोण किती चाचरतं त्यावरून बरंच कळतं.

आपल्या भागात आणखी एक काम आहे, ते रोस्टरवर कधीच येत नाही. चंदगडचा पेशंट मराठी बोलतो, बैलहोंगलचा कन्नड. दोन्ही भाषा येणाऱ्या सिस्टरला कन्सेंट (उपचाराची संमती) समजावायला, नातेवाइकांना शांत करायला या वॉर्डातून त्या वॉर्डात पळवतात. तोवर तिची इंजेक्शनं आणि चार्टिंग तसंच पडलेलं, आणि पुढच्या शिफ्टच्या सिस्टरला ओव्हर द्यायला (पेशंटची माहिती सोपवायला) उशीर झाला की बोलणी तिलाच. असं रोज होत असेल तर इन्चार्जना सांगा की तेवढ्या वेळेत माझे पेशंट कुणाकडे ते ठरवून द्या. कन्नड मात्र शिकाच, नुसतं बोलण्यापुरतं नको, वाचताही यायला हवं. सरकारी कागद त्याच भाषेत येतात.

ओरिजिनल सर्टिफिकेट कुणाकडे ठेवू नका. दाखवा, झेरॉक्स द्या, परत घ्या. पुढं कोल्हापूर-पुण्याकडे जायचा विचार असेल तर कर्नाटकातलं रजिस्ट्रेशन तिथं आपोआप चालत नाही, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. ती धावपळ राजीनामा द्यायच्या आधीच सुरू करा.