दिवाळीची रजा आणि जेएआयआयबीची चार पुस्तकं

बँकेत लागल्यावर पहिल्या दिवाळीला घरी निघाले तेव्हा माझ्या सॅकमध्ये जेएआयआयबी या बँक कर्मचाऱ्यांच्या परीक्षेची चारही पुस्तकं होती. कपडे वेगळ्या पिशवीत. पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडली की सोलापूरपर्यंत साधारण चार तास मिळतात. मनात आखलं होतं, प्रवासात एक धडा आणि घरी रोज दोन. दौंड गेलं आणि डोळा लागला, तो सोलापूर स्टेशनवर शेजारच्या मावशींनी दंड हलवला तेव्हा उघडला. घरी पुस्तकं टेबलावर मांडली. दुसऱ्या दिवशी आईला चकल्यांचे डबे ठेवायला जागा हवी होती, म्हणून पुस्तकं कपाटावर गेली. चौथ्या दिवशी परत सॅकमध्ये.

अभ्यास झाला नाहीच, पण आरामही झाला नाही, याचं जास्त वाईट वाटलं. सोऱ्या फिरवतानासुद्धा डोक्यात "आजचे दोन धडे राहिले" एवढंच. निकाल लागला तेव्हा अकाउंटिंगच्या पेपरात 43.

नवीन लागलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. ही परीक्षा इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स वर्षातून दोनदा घेते आणि तिची एक फेरी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे नेमकी दिवाळीच्या आगेमागे येते. चार पेपर, प्रत्येकी 100 गुण, दोन तास, सगळे बहुपर्यायी प्रश्न, चुकीला गुण कापत नाहीत. प्रत्येक पेपरात 50 हवेत. किंवा एकाच फेरीत चारही पेपर देऊन प्रत्येकात किमान 45 आणि एकूण सरासरी 50 असेल तरी चालतं. माझे 43 दोन्हीकडून बाहेर. पास झालेले पेपर मुदतीपर्यंत राखून ठेवतात, त्यामुळे सगळं पाण्यात गेलं नाही. सरकारी बँकेत ही परीक्षा झाली की एक इन्क्रिमेंट मिळतं, म्हणून कुणी ना कुणी रोज विचारतंच, "झालं का गं तुझं?"

रजेचंही आधीच समजून घ्या. पहिले अकरा महिने पीएल, म्हणजे साठणारी हक्काची रजा, वापरता येत नाही. हातात असतात त्या सीएल, म्हणजे किरकोळ रजा, वर्षाला 12. लक्ष्मीपूजन आणि पाडव्याच्या सुट्टीला दुसरा-चौथा शनिवार, रविवार जोडून आला तर नशीब. अर्ज गणपतीतच देऊन टाका. शाखेत दोघांना एकदम रजा मिळत नाही आणि लेकुरवाळ्या सीनियरचा हक्क आधी असतो. तो असावाही.

दुसऱ्या वर्षी मी आधी एक गोष्ट नीट पाहिली: मी दमते कशाने? काउंटरवर बसणाऱ्याचे कान आणि तोंड दमतं. दिवसभर पासबुक, केवायसी, "साहेब कुठायत", "लिंक फेल आहे का". घरी आल्यावर नुसतं झोपून हा शीण जात नाही, कारण दिवाळीत घरातही दिवसभर माणसं येतात आणि बँकवाली पोरगी म्हटल्यावर प्रत्येकाला एफडीचा व्याजदर हवा असतो. मला हवी होती कुणी काही न विचारणारी एखादी वेळ. ती सापडली नरक चतुर्दशीच्या पहाटे. अभ्यंगस्नान झालं, फराळ झाला, आणि उजाडता उजाडता सगळं घर परत लवंडलं. बाहेर फटाके, आत घोरणं. त्या तासाभरात मी एकाच पुस्तकातला एकच धडा वाचला, बँक रिकन्सिलिएशनचा, म्हणजे वहीतला आणि बँकेतला हिशेब जुळवण्याचा. उरलेला दिवस मोकळा सोडला, आणि मुख्य म्हणजे मनानेही सोडला. पाच दिवस असंच केलं.

पण खरी शिकवणी पाडव्याला झाली. माझे बाबा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात दिवाणजी होते. निवृत्त झाले तरी वहीपूजनाला मालक त्यांना बोलावतात. त्या वर्षी मीही गेले. एरवी त्या शेडमध्ये शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, त्या दिवशी सगळे माग बंद. अर्धा विणलेला टॉवेल तसाच मागावर, कोपऱ्यात सुताच्या मोजून चार गोण्या, आणि तयार मालाची खोली झाडून काढल्यासारखी रिकामी. मी सहज म्हटलं, "बाबा, एवढाच स्टॉक? यांचं सीसी खातं अडचणीत असेल." सीसी म्हणजे कॅश क्रेडिट: माल आणि येणं तारण ठेवून ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे उचलायचं कर्जखातं.

बाबा हसले. "गोडाऊन रिकामं दिसलं की कारखाना बुडाला, असं शिकवतात काय तुमच्यात?"

मग त्यांनी वही उघडून दाखवली. दिवाळीआधी माल पार्ट्यांकडे गेलेला. कामगारांचा बोनस वाटलेला, तो सीसीतूनच. म्हणून मर्यादा भरलेली आणि माल नाही. "पैसा कुठाय? येणे आहे. तुळशीचं लग्न झालं की यायला लागतो."

मला घाम फुटला, कारण वर्षभरापूर्वी मी नेमका हाच घोळ घातला होता. शाखेत एका छोट्या कपडे-उत्पादकाचं ऑक्टोबरअखेरचं स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे शिल्लक मालाचा तक्ता, आलं. माल 8 लाख, त्यातला 4 लाखांचा उधारीवर आणलेला, तो वजा, राहिले 4. त्यावर 25 टक्के मार्जिन, म्हणजे बँक कर्ज देत नाही तो हिस्सा, सोडलं की ड्रॉइंग पॉवर, म्हणजे उचलता येणारी रक्कम, 3 लाख. खात्यातून उचललेले होते जवळपास 10. मी फोन करून जरा कडक शब्दांत "ताबडतोब भरणा करा" म्हणून मोकळी झाले. गिऱ्हाइकांकडून येणं असलेल्या रकमांची यादी वेगळी टाचलेली होती, ती मी उलटून पाहिलीच नव्हती. त्यात 90 दिवसांच्या आतले 12 लाख होते. मंजुरीपत्राप्रमाणे त्यावर 40 टक्के मार्जिन, म्हणजे आणखी 7 लाख 20 हजार. खातं व्यवस्थित होतं. ते गृहस्थ शाखेत आले, शांतपणे यादी समोर ठेवली आणि चहाही न घेता गेले. मॅनेजरसाहेबांनी नंतर सावरून घेतलं.

वर्किंग कॅपिटलचा, म्हणजे खेळत्या भांडवलाचा, धडा मी तीनदा वाचला होता. पण माल रोकड होऊन परत यायला किती दिवस लागतात, हे त्या बंद मागांसमोर उभी राहिले तेव्हा कळलं. म्हणून नवीन मुलांना मी सांगते, सुट्टीत पुस्तक कमी न्या आणि आपल्या घरचा, गल्लीतला एखादा धंदा बघा. किराणा दुकान, डाळिंबाची बाग, काकांचा टेम्पो, काहीही चालेल. उधारी कशी लिहितात, हप्ता कुठून भरतात, एवढंच विचारा. गप्पांमध्ये होतं, रजा खर्ची पडत नाही.

बाकी सोपं आहे. शाखेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला म्यूट करा. आपल्यावाचून शाखा अडते हा भ्रम असेल तर रिझर्व्ह बँकेचा नियम आठवा: संवेदनशील कामावरच्या माणसाला वर्षातून किमान 10 कामाचे दिवस, आधी न सांगता, सलग रजेवर पाठवायचं असतं. अंतर्गत ईमेल सोडला तर त्या काळात त्याला कामाच्या कुठल्याच गोष्टीला हात लावता येत नाही. हेतू आरामाचा नाही, गडबड असेल तर उघडी पडावी असा आहे. पण शाखा चालते, हेही त्यातून दिसतंच.

डिसेंबरअखेर तिमाहीची धावपळ असते, तेव्हा अभ्यासाचे मनोरे रचू नका. आणि जानेवारीत आमच्या सोलापुरात सिद्धेश्वरांची यात्रा. अक्षता सोहळ्याला, म्हणजे यात्रेतल्या प्रतीकात्मक लग्नाला, मी मोबाईल घरी ठेवून जाते. सातही नंदीध्वज, म्हणजे मानाच्या काठ्या, आले आणि "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" झालं की संध्याकाळी होम मैदानावर गड्ड्यात, म्हणजे जत्रेत, फिरायचं. त्या दिवशी पुस्तक उघडत नाही, उघडलं नाही म्हणून वाईटही वाटत नाही.

अकाउंटिंगचा पेपर पुढच्या फेरीत निघाला, 61. यंदा सीएआयआयबीचं, म्हणजे त्यापुढच्या परीक्षेचं, एकच पुस्तक घेतलंय. काल बाबांचा फोन आला होता. पाडव्याला कॅल्क्युलेटर घेऊन ये म्हणाले, कारखान्यातला बिघडलाय.