मेडिकलमधून आणलेलं खोकल्याचं औषध किती दिवस घ्यायचं?

चिठ्ठीशिवाय आणलेलं औषध जास्तीत जास्त सात दिवस. वेष्टनावर त्याहून कमी मुदत दिली असेल तर ती पाळायची. सांगली-साताऱ्याकडे थंडी पडली, ऊसतोड सुरू झाली की खोकला घरोघरी शिरतो आणि एकच बाटली आजोबांपासून नातवापर्यंत फिरते. म्हणून बाटली उघडताच लेबलवर तारीख आणि घेणाऱ्याचं नाव पेनाने लिहून टाका.

हे औषध दुखणं बरं करत नाही, ढास दाबतं किंवा कफ सुटायला मदत करतं. सर्दीचा साधा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो, पण हळूहळू उतरत जातो. सात दिवसांनंतरही बाटलीशिवाय रात्र निघत नसेल, तर दुसरी बाटली आणू नका, डॉक्टरांकडे जा. रक्त पडलं, धाप लागली, छातीत दुखलं किंवा ताप उतरेना, तर सात दिवसही थांबायचं नाही.

आता लेबल वाचा. डेक्स्ट्रोमेथॉर्फन कोरड्या ढासेसाठी असतं. छातीत कफ भरलेला असताना ते घेऊ नये, कफ आतच राहतो. नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याला हात लावू नका. क्लोरफेनिरामिनने झोप येते. रात्री उसाची ट्रॉली कारखान्यावर नेणाऱ्या किंवा खंबाटकी घाटातून गाडी काढणाऱ्या माणसाने ते घेऊन स्टिअरिंगवर बसूच नये. फिनाइलेफ्रिनने बीपी वाढू शकतं. आणि बीपीसाठी एनालाप्रिल किंवा रामिप्रिल चालू असेल, तर कोरडा खोकला त्या गोळीचाही असू शकतो. अशा वेळी औषधाच्या कितीही बाटल्या संपवल्या तरी तो जात नाही. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका, डॉक्टर बदलून देतात.

माप बाटलीसोबतच्या टोपणानेच घ्या. टोपण डोळ्यांसमोर सरळ धरून 5 मिलीची रेघ बघा. घरातले चमचे लहान-मोठे असतात.

लहान मुलांच्या बाबतीत मी दिवस मोजायलाही सांगणार नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर 2025 मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला दूषित औषधाने मुलं दगावली, तेव्हा केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने स्पष्ट सांगितलं: दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्याचं औषध देऊ नये आणि पाच वर्षांखाली ते सहसा नकोच. शेजारच्या पोराला लागू पडलं म्हणून आपल्याला पाजू नका. वर्ष उलटलेल्या मुलाला चमचाभर मध चालतो, वर्षाच्या आतल्या बाळाला तोही नाही.

खोकल्याला दोन आठवडे झाले, मग औषध घेतलं असो वा नसो, टीबीची तपासणी करून घ्या. हळदीच्या गोदामात काम करणारे 'धुळीचाच आहे' म्हणून खोकला अंगावर काढतात. तसं करू नका. तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. माहितीसाठी 1800-11-6666 हा क्रमांक आहे. बेडका देण्यासाठीची डबी दवाखान्यातच मिळते. सकाळी उठल्यावर चूळ भरा, खोल श्वास घेऊन जोरात खोका आणि छातीतून आलेला बेडका त्यात द्या. नुसती लाळ दिली तर तपासणी वाया जाते.