दूध संकलनाच्या क्लस्टरची ओएस बदलताना: तयारीची यादी

दुधाच्या नोंदींचा पोस्टग्रेस डेटाबेस तीन मशीनच्या क्लस्टरवर (एकत्र चालणाऱ्या सर्व्हरच्या गटावर) असेल, तर त्यांची ओएस, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, बदलायची ही तयारी. सर्वात आधी रात्र ठरवा. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात दूध सकाळ-संध्याकाळ गोळा होतं, म्हणून संध्याकाळचं संकलन डेटाबेसमध्ये उतरल्यापासून पहाटेपर्यंतचाच वेळ आपला. दहा दिवसांचं बिल निघायची रात्र नको. जुलै-ऑगस्ट तर नकोच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली की कोणता रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही, आणि सर्व्हरपाशी माणूस पोचलाच पाहिजे.

एका वेळी एकच नोड (क्लस्टरमधलं एक मशीन) काढायचा, तोही आधी स्टँडबाय, म्हणजे प्रायमरीची (मुख्य नोडची) नक्कल ठेवणारा. एट्सीडी (प्रायमरी कोण याची नोंद ठेवणारी सेवा) त्याच तीन मशीनवर असेल, तर एक बाहेर असताना दुसरं पडलं की कोरम (निर्णयाला लागणारं बहुमत) गेला आणि नोंदी थांबल्या. स्लॉट (स्टँडबाय कुठवर पोचला याची प्रायमरीवरची खूण) ठेवला असेल, तर बाहेर गेलेल्या स्टँडबायसाठी प्रायमरी वॉल फाइली (बदलांच्या नोंदी) साठवत राहतो. डिस्कवर मोकळी जागा किती आहे ते आधी बघा.

आता खरी काळजीची गोष्ट. सेंटओएस ७ या लिनक्स ओएसचा आधार ३० जून २०२४ ला संपला, त्यामुळे बरेच जण तिथून ८ किंवा ९ च्या वाटेवर आहेत. या वाटेत जीलिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी) २.१७ वरून २.२८ किंवा त्याच्या पुढे जाते, आणि २.२८ मध्ये मजकुराचा क्रम लावायचे नियम बदलले. जुन्यात '११' आधी, मग '१-१', नव्यात उलटं. पोस्टग्रेसचा इंडेक्स (शोधासाठीची क्रमवार सूची) मात्र जुन्याच क्रमाने बांधलेला असतो आणि स्टँडबायवर जसाच्या तसा पोचतो. एररही येत नाही. सभासद कोड टेबलात असतो पण शोधला तर सापडत नाही, युनिक इंडेक्स असूनही तोच कोड दुसऱ्यांदा घुसतो. त्या कोडवर एखाद्या घराचं दुधाचं बिल निघतं, म्हणून इथे घाई नको.

त्यासाठी रंगीत तालीम करा. कालचा बॅकअप नव्या ओएसच्या मोकळ्या मशीनवर उतरवा. बॅकअप खरंच उतरतो का, तेही यात कळेल. अ‍ॅमचेकने (पोस्टग्रेसचं इंडेक्स तपासायचं साधन) मजकुरावरचे इंडेक्स तपासा, 'सी' कोलेशनचे (कोलेशन म्हणजे क्रम लावायचे नियम; 'सी' जीलिबसीवर अवलंबून नाही) सोडून बाकीचे री-इंडेक्स करा, म्हणजे पुन्हा बांधा, आणि लागलेला वेळ लिहून ठेवा. आकड्यांच्या आणि तारखांच्या इंडेक्सला धक्का लागत नाही.

प्रत्यक्ष रात्री नव्या स्टँडबायवर रिपोर्ट चालवू नका. अ‍ॅप बंद, नवा नोड प्रायमरी, री-इंडेक्स, मगच अ‍ॅप चालू. पोस्टग्रेस १५ किंवा पुढचं असेल तर कोलेशन जुळत नसल्याची वॉर्निंग दिसेल. री-इंडेक्सच्या आधी कोलेशनची आवृत्ती रिफ्रेश करून ती गप्प करू नका. आणि एक पक्कं ध्यानात ठेवा: री-इंडेक्स झालं की नव्या क्रमाचे इंडेक्स जुन्या नोडवरही जातात, म्हणजे तिकडे परतणं आता सुरक्षित नाही. परतायचं की नाही हा निर्णय त्याआधीच, कोण घेणार ते ठरवून घ्या. उरलेले जुने नोड लगेच हाती घ्या.

पहाटे संकलन सुरू झालं की हायफन असलेले काही सभासद कोड शोधून बघा. यादीत दिसतो पण शोधात येत नाही असा एक जरी निघाला, तरी नोंदी थांबवून तो इंडेक्स आधी पुन्हा बांधा.