गडाशेजारी प्रदर्शनाची इमारत बांधताय? या चुका टाळा

थाळनेरसारख्या जागी (शिरपूर तालुका, तापीकाठ) संग्रहालय करायचं म्हटलं की पहिल्याच ड्रॉइंगमध्ये बुरूज, कमान, कंगुरे येतात. सगळ्यात मोठी चूक हीच. खरी पडझड कुठली अन् कालचं प्लास्टर कुठलं हे पाहणाऱ्याला कळत नाही, आणि कमान बघूनच तो ठरवतो की आत शौर्यगाथा असणार.

थाळनेरची गोष्ट तेवढी सरळ नाहीये. मंदसौरच्या तहात होळकरांनी खानदेश इंग्रजांना दिला, पण किल्लेदार तुळशीराम मामा किल्ला सोडेनात, म्हणून फेब्रुवारी १८१८ मध्ये इंग्रज सेनापती सर थॉमस हिस्लॉपने तोफा लावल्या. किल्लेदार बाहेर येऊन इंग्रजांच्या हाती गेला, मग काही इंग्रज अफसर आतल्या दरवाज्याच्या दिंडीतून (मोठ्या दरवाज्यातलं छोटं दार) आत शिरले आणि अरब शिबंदीने, म्हणजे किल्ल्यातल्या शिपायांनी, त्यांच्यावर वार केले, त्यावर इंग्रजांनी आतली सुमारे ३०० माणसं कापली आणि मामांना फाशी दिली. इंग्रज म्हणाले दगा झाला. पण शिबंदीला अटी कळल्या होत्या का? बाहेर असलेल्या माणसाला फाशी कशाची? १८१९ ला ब्रिटिश पार्लमेंटमध्येही यावर बोट ठेवलं गेलं.

दुसरी चूक, हा वाद बोर्डावर लिहायचा आणि निकाल मात्र इमारतीने द्यायचा, म्हणजे एकच रस्ता आणि शेवटी भव्य पुतळा. त्यापेक्षा दिंडीएवढा, एकावेळी एकच माणूस वाकून जाईल असा पॅसेज ठेवा, दगडाची नक्कल न करता. एका भिंतीवर इंग्रजांचा रिपोर्ट, समोरच्या भिंतीवर हे प्रश्न. जर्मनीत न्यूरेंबर्गला वास्तुकार गुंटर डोमेनिगने नाझींच्या काँग्रेस हॉलमधून (त्यांच्या पक्षाचं सभागृह) काच-स्टीलचा तिरपा बोगदा आरपार घातला, २००१ ला उघडला, जुन्या इमारतीला नटवलं नाही की लपवलं नाही.

कमान आधीच बांधून झाली असेल तर पाडत बसू नका, एन्ट्री बाजूने घ्या आणि पुतळ्याच्या जागी मोकळी जागा ठेवा, तेवढ्यानेही खूप फरक पडतो.

फारूकींचे (खानदेशचे सुलतान) मकबरे पण वगळू नका, थाळनेर त्यांची पहिली राजधानी. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरात नवं बांधकाम चालत नाही, पुढच्या २०० मीटरात परवानगी लागते, हे जागा घेण्याआधीच बघा. पश्चिमेला काच नकोच, मे महिन्यात आपल्याकडे काय ऊन असतं सांगायला नको, धाब्याच्या घरासारखं जाड छत द्या, आणि काळी माती असेल तर अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगीर असे जमिनीतले पायाचे खांब) घ्या, नाहीतर भिंतींना तडे जाणारच.