कॉलेजातल्या सर-मॅडमना शिकवण्यात खरी मदत कशी करायची

आपल्या मराठवाड्यात कॉलेजातलं शिकवणं सुधारायचं म्हटलं की आधी वर्कशॉपच आठवतं, बॅनर, हारतुरे, दोन पीपीटी, जेवण आणि सर्टिफिकेट. मालवीय मिशन सेंटर, म्हणजे प्राध्यापकांना प्रशिक्षण देणारं केंद्र, ज्याला २०२३ पर्यंत आपण एचआरडीसी म्हणायचो, तिथल्या रिफ्रेशर कोर्समधून शिकायला मिळतं आणि कॅसच्या (प्राध्यापकांच्या बढतीच्या योजनेतल्या) प्रमोशनला तो धरलाही जातो, पण तिथून आल्यावर माणूस वर्गात पुन्हा एकटाच. म्हणून आयक्यूएसीला (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाला) किंवा विभागप्रमुखांना मनापासून काही करायचं असेल तर एकमेकांच्या तासाला जाऊन मागच्या बाकावर बसायची पद्धत पाडा.

ज्यांचं शिकवणं कच्चं वाटतं त्यांच्यापासून सुरुवात अजिबात करू नका, त्यांच्यावर शिक्का बसतो. सगळ्यात सीनियर सरांनी आधी म्हणावं, "या, माझ्या तासाला बसा, पोरं कुठं मागं पडतात ते सांगा." आणि सीएचबीवरच्या (तासिका तत्त्वावर नेमलेल्या) लोकांना पुढच्या वर्षीच्या ऑर्डरची धास्ती असते, त्यामुळं यातलं एक अक्षरही सीआरमध्ये (गोपनीय अहवालात) किंवा प्राचार्यांच्या टेबलावर जाणार नाही हे आधीच ठरवा आणि पाळा, एकदा का हे मोडलं की परत कुणी दार उघडणार नाही.

तासाआधी एवढंच विचारायचं, मॅडम, आज मी नेमकं काय बघू? वर्गात मात्र शिकवणाऱ्यापेक्षा पोरांकडं जास्त बघायचं आणि वहीत वेळ आणि घडलेलं तेवढंच लिहायचं, "१०.१२, मागच्या तीन बाकांनी लिहिणं थांबवलं", "१०.२०, प्रश्न विचारला आणि लगेच स्वतःच उत्तर दिलं". छान, कंटाळवाणं असले शेरे नकोत. त्याच दिवशी चहाला बसा, आधी त्यांना बोलू द्या, मग वही दाखवा आणि पुढच्या तासासाठी एकच बदल ठरवा, दहा सूचना दिल्या की एकही होत नाही.

पहिला बदल कोणता, तर "समजलं का?" हे विचारणं बंद. सगळा वर्ग हो सर म्हणतो आणि त्यातून काहीच कळत नाही. त्यापेक्षा अर्थशास्त्राच्या तासाला मागणीची लवचिकता (भाव बदलला की खप किती बदलतो) शिकवताना असं विचारा, यंदा कांदा भरपूर आला, भाव कोसळला, तर सगळ्या शेतकऱ्यांची मिळून कमाई वाढेल, घटेल का तेवढीच राहील? एक, दोन, तीन बोटं वर करायला लावा, मग शेजाऱ्याशी दोन मिनिटं वाद घालू द्या आणि परत बोटं मागा. (भाव पडला तरी लोक कांदा फार जास्त खात नाहीत, म्हणून कमाई घटते, आणि हे शेतकऱ्याच्या पोराला वाद घालता घालता बरोबर सापडतं.) हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी नव्वदच्या दशकात ही पद्धत रुजवली, तिला ना प्रोजेक्टर लागतो ना इंटरनेट. पहिल्यांदाच जवळपास सगळे बरोबर आले तर पुढं जा, फारच थोडे बरोबर असतील तर वाद घालण्यात अर्थ नाही, सरळ परत शिकवा.

बीएस्सीला तर बारावीपर्यंत मराठीत विचार केलेली पोरं एकदम इंग्रजी पुस्तकासमोर बसतात, तिथं संज्ञा इंग्रजीत ठेवा पण कारण मराठीत सांगा आणि मराठीतच वदवून घ्या, यात कमीपणा काहीच नाही. ४८ मिनिटांच्या तासातली शेवटची तीन मिनिटं बिननावाच्या चिठ्ठीला द्या, आज काय कळलं नाही? त्या चिठ्ठ्या दोघांनी मिळून वाचल्या की पुढच्या तासाची सुरुवात आपोआप ठरते.

वेळेचं तेवढं बघा. सीएचबीवाल्यांना तास संपला की दुसऱ्या गावच्या कॉलेजसाठी एसटी गाठायची असते आणि पैसे तासावरच मिळतात, तेव्हा त्यांना फुकट थांबवू नका, टाइमटेबल लावतानाच त्यांच्या तासाला लागून अर्धा तास ठेवा आणि त्याचं मानधन कॉलेजनं द्यावं.